पुतण्याला मैदानावर नेतो, पण त्याच्या आईला ठाऊक नाही

प्रश्न (ओळख पटेल असे तपशील गाळून) : मी ४६ वर्षांचा, नागपुरातच राहतो. जानेवारीत माझा धाकटा भाऊ गेला. वय ४१. रविवारी सकाळी मित्रांसोबत क्रिकेट खेळता खेळता मैदानावरच कोसळला, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याचा बारा वर्षांचा मुलगा तेव्हा बाउंड्रीपाशी बसून स्कोअर लिहीत होता. अग्नी त्यानंच दिला. पुढे तीन महिने तो ना रडला, ना चिडला, नुसता गप्प. परीक्षा संपल्यावर एक दिवस मला म्हणाला, ‘मोठे बाबा, मला ग्राउंडवर घेऊन चला ना.’ त्या मैदानावर नको, दुसऱ्या. मी शाळेत खो-खो खेळायचो, त्या ओळखीनं एका सरांकडे घेऊन गेलो. आता तो रोज सकाळी येतो. हसतो, ओरडतो, पोरांशी भांडतो. घरी गेला की पुन्हा गप्प. त्याची आई मैदानाचं नावही काढू देत नाही. तिच्या डोक्यात वेडी भीती बसली आहे. तिला वाटतं, पोरगा माझ्याकडे गणित शिकायला येतो. माझी आई म्हणते, ‘काऊन सांगतं तिले? होऊ दे पोट्ट्याचं बरं.’ आता ती त्याला सगळा उन्हाळा आपल्या माहेरी, आर्वीला पाठवायचं म्हणते. तो जायला तयार नाही. मी त्याला सचिनचं उदाहरण देत असतो, वडील गेले तरी चार दिवसांत त्यानं शतक ठोकलं. मी भावजयीला खरं सांगू का? आणि पोराला इथेच थांबवून घेऊ का? जे सुधारलं आहे ते बिघडायला नको.

उत्तर :

नमस्कार भाऊ,

सांगा. याच आठवड्यात सांगा, आर्वीला जायचा दिवस ठरायच्या आत.

तुम्हाला ही लपवाछपवी तुमच्यात आणि भावजयीत चाललेली वाटते. मला त्यात तिसरा माणूस दिसतो. रोज पहाटे पिशवीत गणिताची वही टाकणारा, परतताना नळावर पायाची माती धुणारा, गुडघा खरचटला तर घरी काय सांगायचं ते वाटेत ठरवणारा. वडील गेल्यावर त्याला एक आईच उरली आहे आणि तिच्याशीच रोज खोटं बोलायचं काम त्याच्या अंगावर येऊन पडलं आहे. घरी तो गप्प असतो, असं तुम्ही लिहिता. त्यातलं काही दुःखाचं असेल. पण तोंड उघडलं आणि सकाळचं काही निसटलं तर, ही धास्तीही त्यात असणार. दिवसातली जी एक चांगली गोष्ट आहे तीच आईला सांगायची सोय नाही, तर तो तिच्याशी बोलेल तरी कशाबद्दल?

सांगण्याआधी एक करा. भावजयीची भीती ‘वेडी’ आहे, हे मनातून काढून टाका. एक्केचाळिसाव्या वर्षी, पळता पळता, अचानक माणूस गेला. अशा मृत्यूंची सगळी नसली तरी काही कारणं घराण्यातून उतरतात. हृदयाचा स्नायू जाड होत जाणारा एक आजार आहे, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. तो आई किंवा वडिलांकडून आलेला असेल तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. जन्मापासून कोलेस्टेरॉल फार वाढलेलं राहण्याचा आजारही असाच घराण्यात चालतो. म्हणून तरुण वयात असा मृत्यू झाला की सख्खी भावंडं आणि मुलं यांची तपासणी करून घ्या, असं हृदयरोगतज्ज्ञ सांगतात. ईसीजी, इकोकार्डिओग्राम, रक्तातली लिपिड प्रोफाइल, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर आणखी काही. आपल्याकडे नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलात हृदयरोग विभाग आहे. खासगी डॉक्टर ओळखीचे असतील तर त्यांच्याकडे जा. भावाचे जुने रिपोर्ट, शवविच्छेदन झालं असेल तर त्याचा अहवाल, सगळे कागद सोबत न्या.

आणि तपासणी एकट्या पोराची नको. तुमचीही करा. त्याच आई-वडिलांचे तुम्ही, वय ४६, आणि मे महिन्यात पोरांच्या मागे मैदानावर पळता आहात. तुमच्या घरात ही गोष्ट अजून कुणी बोललेलं दिसत नाही, भावजय सोडून. तिनं ती डॉक्टरांच्या भाषेत मांडली नाही, ‘मैदान नको’ एवढंच म्हटलं, इतकाच फरक.

तपासणी होईपर्यंत त्याची जोराची पळापळ थांबवा. काही दिवसांचा प्रश्न आहे. तोवर त्यानं मैदानावर यायला हरकत नाही, लहान पोरांना खो कसा द्यायचा ते शिकवू दे, खुंटाजवळ उभा राहू दे. स्कोअर लिहायला मात्र बसवू नका.

आता सांगायचं कसं. तुम्ही तिचे भासरे. भासऱ्यानं धाकट्या भावजयीसमोर बसून मोकळं बोलायचं नाही, ही रीत आपल्याकडे अनेक घरांत अजून आहे आणि तुमचं सांगणं अडलं त्यात तिचाही हात असावा. तुमच्या बायकोला सोबत न्या, जावा-जावांचं बोलणं सोपं असतं. पण बोला तुम्ही स्वतः. आईच्या तोंडून निरोप नको. पोराला आदल्या दिवशीच सांगून ठेवा : ‘मी उद्या तुझ्या आईला सगळं सांगणार आहे. तुझ्याकडून लपवून घेतलं ते मी. तुला कुणी रागावणार नाही.’ तो घाबरेल, विनवण्या करेल, तरी सांगा. बोलणं चालू असताना तो घरात नसलेला बरा.

आणि बोलताना ‘पण’ टाळा. ‘मी तुला न विचारता त्याला खो-खोला नेत होतो. आधी विचारायला हवं होतं.’ एवढं म्हणून थांबा. ‘पण बघ ना, किती हसायला लागला’ हे त्याच दमात आलं, की तिला ऐकू येईल : माझ्या पोराला माझ्याशिवायच बरं वाटतं. ती रडेल, कदाचित तुम्हाला दोन शब्द सुनावेल. ऐकून घ्या. तपासणीचं मग काढा, तीही विचारायची गोष्ट म्हणून. तपासणी नीट निघाल्यावरही ती काही दिवस नाहीच म्हणाली, तर थांबा. एखाद्या सकाळी तिनंच मैदानाच्या कडेला येऊन बसावं असं सुचवता येईल. तुमच्या शंभर शब्दांपेक्षा तिच्या डोळ्यांना दिसलेलं जास्त काम करेल. आली तर तिच्याजवळ बसायला तुमची बायको असू द्या, कारण मैदानावर पाय ठेवताच तिला जानेवारी आठवणार आहे.

सचिनबद्दलही बोलायला हवं, कारण तुमच्यासारखे कितीतरी काका-मामा हे उदाहरण देतात. १९ मे १९९९ ला रमेश तेंडुलकर गेले, २३ मेला ब्रिस्टलला केनियाविरुद्ध सचिननं नाबाद १४० केल्या, हे खरं. आपला उमेश यादवही, फेब्रुवारी २०२३ मध्ये वडील गेले आणि आठवड्याभरात इंदूरला कसोटी खेळायला उतरला. दोघंही मोठी माणसं, क्रिकेट हा त्यांचा व्यवसाय. सचिन तेव्हा २६ वर्षांचा होता. तुमचा पुतण्या बारा वर्षांचा आहे आणि त्याच्यावर कुठल्या संघाचं काही देणं नाही. या उदाहरणातून त्याला एवढंच कळतं, की वडील गेल्यावर काहीतरी करून दाखवावं लागतं. उद्या खो-खोत तो पहिल्याच मिनिटाला बाद झाला तर? त्याला ते नुसतं बाद होणं वाटणार नाही. आणि त्या गोष्टीतली एक बाब तुमच्याकडून सुटली. सचिन मुंबईला घरी आला होता आणि परत जा, असं त्याला त्याच्या आईनंच सांगितलं. तुमच्या गोष्टीत आईला विचारलेलंच नाही.

याच्याच जोडीचं दुसरं वाक्य तुमच्या घरात बोललं गेलं असणार. पत्रात नाही, पण अग्नी दिलेल्या पोराला कुणीतरी म्हणतंच : ‘आता तूच घरातला कर्ता.’ म्हणणाऱ्याला ती शाबासकी वाटते. सहावी-सातवीतलं पोर मात्र ते अक्षरशः घेतं. मग ते रडत नाही, कारण कर्ता रडत नाही. ते आईसमोर बाबांचं नाव घेत नाही, कारण घेतलं की आई रडते. तुम्ही मोठे आहात, तुमचं घरात ऐकतात. दहा लोकांसमोर एकदा म्हणून टाका, की कर्ते आम्ही आहोत, याला खेळू द्या.

मैदानावर हसतो, घरी गप्प, म्हणजे मैदानावर बरा आणि घरी आजारी, असा हिशेब तुम्ही मांडला आहे. तो मला पटत नाही. लहान मुलं दुःखात सलग राहत नाहीत. आत जातात, बाहेर येतात, दिवसातून कितीदा तरी. मोठ्या माणसांचंही तेच होतं, हे नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेन्क शुट या अभ्यासकांनी १९९९ साली नीट मांडलं : गेलेल्याकडे वळणं आणि पुढच्या आयुष्याकडे वळणं, दोन्ही आळीपाळीनं चालतं आणि चालायलाच हवं. तेव्हा हसला म्हणजे बापाला विसरला, असं कुणी कुजबुजलं तर मनावर घेऊ नका. गप्प बसला म्हणजे सकाळचं सगळं वाया गेलं, असंही समजू नका.

खेळ त्याला मानवतो आहे, त्याची कारणं साधी असावीत. त्या मैदानावर कुणी त्याला ‘बाप गेलेला पोरगा’ म्हणून ओळखत नाही. शाळेत जानेवारीतलं मुंडन सगळ्या वर्गानं पाहिलं. इथे केस वाढल्यावर गेलेला तो एक नवा भिडू आहे. दुसरं म्हणजे स्पर्श. बारा वर्षांच्या मुलाला कुशीत घेणारं आता कुणी नसतं, त्यालाही लाज वाटते. खो-खोत पाठीवर थाप पडते, पडलं की कुणीतरी हात धरून उठवतं, गडी टिपला की पोरं अंगावर झेपावतात. बाबांसोबतची मस्ती थांबल्यापासून त्याच्या अंगाला हे मिळालेलंच नव्हतं. तिसरं, दुसरं मैदान त्यानं स्वतः निवडलं. कुठे जायचं आणि कुठे अजून जायचं नाही, हे त्याला कळतं. ‘चल, एकदा त्या ग्राउंडवर जाऊन येऊ, भीती मोडेल’ असं कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. स्पर्धा, निवड चाचणी वगैरे यंदा राहू दे. मुलगा चांगला खेळतो म्हटल्यावर सरांना मोह होईल. तुम्हालाही होईल.

उन्हाचं वेगळं सांगायला नको, तरी सांगते. आपल्याकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि २५ मेच्या आसपास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. त्या दिवसांत साडेपाचला सुरू करून सात-सव्वासातला आटोपतं घ्या. नवतप्यात सरळ सुट्टी घेतली तरी काही बिघडत नाही. निघण्याआधी पाणी, मध्ये ओआरएस किंवा मीठ-साखरेचं पाणी, घरी आल्यावर पन्हं. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, किंवा तो गोंधळल्यासारखं बोलायला लागला तर खेळ तिथेच थांबवून सावलीत न्या, अंग ओलं करा आणि दवाखाना गाठा.

पण मला सकाळपेक्षा दुपारची काळजी जास्त वाटते. सकाळचे दोन तास तुम्ही सांभाळले. अकरा ते साडेपाच काय? नागपूरची मे महिन्याची दुपार म्हणजे दारं-खिडक्या बंद, कूलरचा घरघराट, रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्या बंद घरात ही दोघं असतात, आई एका खोलीत, पोरगा दुसऱ्या खोलीत मोबाइल घेऊन, आणि मधे त्याचे कपडे, बॅट, गाडीची किल्ली. घरचे लोक कामाला लागतात ते इथे. रोज शक्य नसेल तर आठवड्यातल्या काही दुपारी दोघांनाही तुमच्याकडे बोलवा. आजीला पोरांच्या हातून कुरड्या-पापड घालून घ्यायचे असतीलच, आंबे पिळायला माणूस लागतंच, कॅरम माळ्यावर पडलेला असेल. काहीतरी हातात घेऊन शेजारी बसलं की मुलं बोलतात. समोरासमोर बसवून ‘तुला काय वाटतं ते सांग’ म्हटलं की ओठ घट्ट मिटतात. भावाची गोष्ट तुम्हीच काढा. तो लहानपणी कसा बाद झाला तरी मैदान सोडायचा नाही, कुणाच्या कैऱ्या पाडताना धरला गेला, असं काही. भावजय रडली तर रडू द्या. आई रडते आणि थोड्या वेळानं डोळे पुसून चहा टाकते, हे पोरानं पाहिलं म्हणजे बाबांचं नाव घेतल्यानं आई मोडत नाही एवढं त्याला कळेल.

तुम्ही आर्वीला शत्रू करून ठेवलं आहे, तेही थोडं सैल करा. सगळा उन्हाळा पाठवणं मलाही योग्य वाटत नाही. एक पालक गेलेल्या मुलाला दुसऱ्याचीच काळजी लागून राहते. आई नजरेआड झाली की तिचं काही होईल, ही भीती त्याला तिथे झोपू देणार नाही. त्याचा नकार खो-खोपेक्षा यामुळेही असू शकेल, विचारून पाहा. पण दोघं मिळून दहा-बारा दिवस गेली तर चांगलंच आहे. तिलाही आपल्या आईजवळ पडायचं असेल. गेल्या पाच महिन्यांत ती सासरच्या माणसांमध्ये कशी वावरली असेल, त्याचा अंदाज आपण बाहेरून बांधू नये. हार्वर्डच्या अभ्यासात विल्यम वर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी पालक गमावलेल्या मुलांची दोन वर्षं पाहणी केली. मूल कसं सावरतं ते सर्वांत जास्त कशावर ठरतं, तर मागे राहिलेला पालक किती सावरला आहे यावर. त्यामुळे पुतण्यासाठी काय करू, या तुमच्या प्रश्नाचं मोठं उत्तर भावजयीसाठी काय करता, यात आहे. बँकेची, विम्याची, वारसाची कागदपत्रं अजून लटकलेली असतील तर तिच्यासोबत जाऊन ती मार्गी लावा. एक पालक गमावलेल्या मुलांना राज्याच्या बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. तुमचा पुतण्या त्यात बसतो का, हे जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात विचारता येतं. पुष्कळ घरांना ही योजना ठाऊकच नसते.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती. काही मुलांचा त्रास पहिल्या वर्षी दिसलाच नाही, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी वर आला. म्हणून उन्हाळ्यात पोरगा खुलला की लक्ष काढून घेऊ नका. पोळा, दिवाळी, वर्षश्राद्ध, सगळं पहिल्यांदाच यायचं आहे.

आणि भाऊ, तुम्ही? एवढ्या लांब पत्रात स्वतःच्या दुःखाबद्दल एक ओळही नाही. धाकटा भाऊ तुमचा गेला आहे. ज्या मैदानावर लहानपणी खेळलात तिथे रोज पहाटे त्याच्या मुलाला घेऊन जाता, त्यात तुमचंही काही भरून येत असेल. येऊ द्या, त्यात वावगं काही नाही. पण ते पोराच्या नावावर टाकू नका. भावजयीनं उद्या ‘खो-खो बंद’ म्हटलं तर तुमच्या पोटात जो गोळा येईल, त्यातला तुमचा किती आणि त्याचा किती, हे आधी पाहून ठेवा. तुम्ही एकट्यानं मैदानावर गेलात तरी चालतं. (तपासणीनंतर!) बायकोशी, जुन्या मित्रांशी भावाबद्दल बोला. आणि पोराचा बाबा व्हायला जाऊ नका. मोठे बाबा आहात तेच त्याला हवं आहे, नाहीतर ग्राउंडवर न्या म्हणून तो तुमच्याकडे आला नसता.

त्यानं वडिलांना डोळ्यांदेखत कोसळताना पाहिलं आहे, म्हणून काही खुणांवर लक्ष असू द्या. रात्री दचकून उठणं, तो प्रसंग पुन्हा पुन्हा दिसणं, अंथरूण ओलं होणं, पोट किंवा छाती सतत दुखणं, ‘मी तेव्हाच धावलो असतो तर’ असं काही बोलणं. शेवटच्याला ‘छे, वेडा आहेस का’ असं उडवून लावू नका. तिथे मोठे डॉक्टर असते तरी कदाचित वाचवू शकले नसते, त्या दिवशी काय घडलं, ते त्याला समजेल असं सांगायला हृदयरोग डॉक्टरांनाच विनंती करा. तपासणीच्या दिवशी पाच मिनिटं मागून घ्या. खुणा काही आठवडे टिकल्या तर मेडिकलच्या मानसोपचार विभागात किंवा मुलांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकाकडे जा. ‘बाबांकडे जायचं आहे’ असं म्हणाला किंवा स्वतःला इजा करू पाहिली तर त्याच दिवशी जा, तोवर एकटं सोडू नका. टेलि-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ वर रात्रंदिवस मिळते, मराठीत बोलता येतं. तो क्रमांक भावजयीलाही द्या.

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्याआधी तुम्ही आणि भावजय मिळून वर्गशिक्षकांना भेटा. नवीन शिक्षक असतील तर त्यांना काहीच ठाऊक नसेल, आणि पहिल्याच दिवशी ‘उद्या वडिलांची सही घेऊन ये’ असं भर वर्गात ऐकायची वेळ त्याच्यावर येऊ नये.